स्तुती पुरे, ग्रंथसार लिहा



चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी जो जनसमुदाय लोटतो, तो परत जाताना काय घेऊन जातो हे आपण पाहिलेच असेल. एका हातात मूल, दुसऱ्या हातात शिदोरीची पिशवी आणि त्या पिशवीत दोन-चार पुस्तके. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांची लेकरे पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेतात. ह्या दृश्याचे कौतुक पुष्कळांनी पुष्कळ वेळा केले आहे. ते आज आम्हांस करावयाचे नाही. आज बोलावयाचे आहे ते त्या पुस्तकांच्या पुढील प्रवासाविषयी.

गेल्या काही वर्षांत आपल्यांतील अनेक तरुण-तरुणींनी एक नवे काम अंगावर घेतले आहे. जुनी पुस्तके, परिषदांचे अहवाल, स्मरणिका, जलशांच्या वह्या, पत्रके हे सारे ते पानापानाने यंत्रावर उतरवितात, अक्षरांच्या चुका तपासतात आणि डिजिटल ग्रंथालयात ठेवतात. ह्या कामाचा एक पैसाही कोणास मिळत नाही. कोणी कचेरीतून आल्यावर रात्री बसतो, कोणी परीक्षा आटोपून. कायद्यानेही वाट बरीच मोकळी करून दिली आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणून बाबासाहेबांनी स्वतः छापलेले मूळ ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. (अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे मात्र उत्साहाच्या भरात विसरून चालणार नाही.) अशा स्वयंसेवकांविषयी आम्हांस आदर आहे, आणि तो आहे म्हणूनच पुढील चार शब्द स्पष्टपणे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

डिजिटल ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली थोडी जागा ठेवलेली असते. त्या जागेत पुस्तकात काय आहे ते थोडक्यात सांगावयाचे असते. त्यास ग्रंथसार म्हणा, परिचय म्हणा. ही जागा एकतर कोरी असते, नाहीतर तेथे स्तुती असते. महामानव, युगपुरुष, क्रांतिसूर्य, विश्वरत्न अशा विशेषणांनी ओथंबलेले दोन परिच्छेद वाचून झाले तरी पुस्तकात रुपयाच्या चलनाविषयी काही आहे की शूद्रांच्या उत्पत्तीविषयी, याचा पत्ता लागत नाही. शेवटी एक वाक्य हटकून असते: 'प्रत्येकाने वाचलेच पाहिजे असे पुस्तक.' का वाचले पाहिजे? कोणी वाचले पाहिजे? त्याचे उत्तर नाही.

आपण म्हणाल, एवढ्याशा चार ओळींचे इतके काय घेऊन बसलात? पुस्तक तर ठेवले ना? त्याचे उत्तर असे की, गावच्या वाचनालयात माणूस कपाटापुढे उभा राहतो, पुस्तक काढतो, अनुक्रमणिका पाहतो, मधले पान वाचतो आणि मग ठरवितो. डिजिटल ग्रंथालयात त्याच्यापुढे येते ती नावांची यादी. त्या यादीतून तो ज्या शब्दाने शोधतो, तो शब्द नावात नसेल आणि सारातही नसेल, तर ते पुस्तक त्याच्यापुरते जगात नाही. आपल्या कित्येक पुस्तिकांची नावेच अशी आहेत की त्यांवरून विषय कळत नाही. 'ज्वाला', 'हाक', 'नवी पहाट' अशा नावाच्या पुस्तिकेत पाणवठ्याच्या लढ्याची हकीकत असली, तर ती शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती लागावी कशी?

आणि जो वाचक डोळ्यांनी पाहूच शकत नाही, त्याचा विचार आपण कधी केला आहे काय? कॉपीराइटच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन दृष्टिहीन आणि छापील अक्षर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी ग्रंथ सुलभ रूपात तयार करण्याची मुभा मिळाली. ह्याच विषयावर २०१३ साली मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्यास मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत होते. पुढे २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' ह्या नावाने अशा ग्रंथांचे डिजिटल ग्रंथालयही सुरू झाले. अंध विद्यार्थी यंत्राच्या आवाजातून पुस्तक ऐकतो. त्यास पाने चाळता येत नाहीत, मुखपृष्ठावरील चित्र दिसत नाही, जाडी हाताने तोलता येत नाही. तीनशे पानांचे पुस्तक अर्धे ऐकल्यावर जर त्यास कळले की हे आपल्या कामाचे नव्हे, तर त्याचे दोन दिवस गेले. त्याच्यासाठी ग्रंथसार हीच चाळण्याची सोय होय. ती कोरी ठेवणे म्हणजे वाचनालय उघडून त्याच्यापुरते दार लावून घेणे. दार लावून घेणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहे. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज येऊन वाचीत बसतो, हे त्यांनी पाहिले, विचारपूस केली, वाचावयास पुस्तके दिली. पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत त्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यास भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव, हे सांगावयास नकोच. केळुसकरांनी काय केले? योग्य वाचकाच्या हाती योग्य ग्रंथ दिला. ग्रंथपालनशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली आपली जी पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली, त्यांतील दोन याच अर्थाची आहेत: प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक. डिजिटल ग्रंथालयात शेजारच्या बाकावर केळुसकर बसलेले नसतात. त्यांचे काम त्या चार ओळींनी करावयाचे असते.

आता उदाहरणच घेऊ. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ह्या पुस्तकाखाली 'जातिव्यवस्थेवर कठोर प्रहार करणारा बाबासाहेबांचा अजरामर ग्रंथ' एवढे लिहून अनेक जण मोकळे होतात. हे खोटे नाही. परंतु ह्यातून वाचकास काय मिळाले? त्याऐवजी असे लिहून पाहा:

'लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या १९३६ सालच्या वार्षिक परिषदेसाठी तयार केलेले अध्यक्षीय भाषण. त्यातील काही मजकूर गाळावा अशी मंडळाची इच्छा होती. लेखकाने ती मानली नाही, परिषद रद्द झाली आणि लेखकाने भाषण स्वखर्चाने छापले. सामाजिक सुधारणा राजकीय व आर्थिक सुधारणेच्या आधी का हवी, नुसत्या सहभोजनाने जात का मोडत नाही, आणि शास्त्रांचे प्रामाण्य नाकारल्यावाचून ती का मोडणार नाही, याची चर्चा. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून गांधींची ''हरिजन'' पत्रातील टीका आणि तिला लेखकाने दिलेले उत्तर जोडलेले आहे. मूळ इंग्रजी, भाषा सरळ, वाद तर्कशुद्ध, महाविद्यालयीन विद्यार्थ्यास एकट्याने वाचता येईल.'

ह्यात एकही विशेषण बाबासाहेबांच्या नावास लावलेले नाही. तरी हे वाचणाऱ्या तरुणाच्या मनात त्या माणसाविषयी काय उत्पन्न होईल, हे आम्ही सांगावयास हवे काय? बोलाविलेल्या सभेने शब्द गाळावयास सांगितले आणि त्याने सभा सोडली, शब्द सोडले नाहीत. ही एक घटना दहा विशेषणांना भारी आहे. शिवाय ज्यास गांधी-आंबेडकर वाद अभ्यासावयाचा आहे, त्यास कोणती आवृत्ती उघडावी हेही कळले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती निघाल्या होत्या. तीत हा वाद असणे शक्यच नव्हते. ही साधी गोष्ट न लिहिल्याने किती विद्यार्थी भलतीच प्रत उतरवून घेत असतील!

येथे काही बांधव रागावतील, हे आम्ही जाणतो. 'बाबासाहेबांच्या नावामागे महामानव लिहावयाचे नाही, असे सांगणारे तुम्ही कोण?' असे ते विचारतील. त्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. ज्या घरात ज्वारीच्या कण्या होत्या तेथे आज पगार येतो, त्या घराने कृतज्ञतेने विशेषण वापरले तर त्यात दोष कोणता? भाषणात वापरा, गाण्यात वापरा, प्रतिमेखाली लिहा. परंतु १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी केलेले भाषण 'रानडे, गांधी आणि जीना' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ते भाषण विभूतिपूजेच्या विरुद्ध आहे. त्या पुस्तकाचा सार विभूतिपूजेच्या भाषेत लिहिणे ही कोणती भक्ती? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना राजकारणातील भक्तीविषयी त्यांनी जो इशारा दिला, तोही आपण दरवर्षी २६ नोव्हेंबरला वाचतो आणि २७ तारखेला विसरतो.

स्तुतीहून मोठे संकट दुसरेच आहे, आणि ते म्हणजे पुस्तकात नाही ते सारात घालणे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा अर्थशास्त्रावरील प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच्याखाली 'ह्या ग्रंथाने रिझर्व्ह बँकेची स्थापना केली' असे वाक्य सर्रास आढळते. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा आणि बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी. मध्यंतरी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, हे खरे आणि अभिमानास्पद आहे. परंतु ग्रंथाचा विषय आहे रुपयाचा इतिहास आणि सुवर्ण विनिमय पद्धतीची चिकित्सा. ज्या पद्धतीची भलामण केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने केली होती, तिचे दोष पस्तिशीही न गाठलेला एक अस्पृश्य विद्यार्थी लंडनमध्ये बसून दाखवीत होता. ही खरी गोष्ट कमी मोठी आहे काय? दंतकथा ऐकून पुस्तक उघडणारा वाचक त्यात बँक शोधीत बसतो, ती सापडत नाही, आणि तो पुस्तकही मिटतो व आपल्यावरील विश्वासही. विरोधकास तर आयतेच कोलीत मिळते.

अलीकडे यंत्राकडूनच सार लिहून घेण्याची एक सोय झाली आहे. वेळ वाचतो, हे मान्य. परंतु यंत्र न वाचलेल्या पुस्तकाचाही सार तितक्याच गोड भाषेत लिहिते आणि नसलेली प्रकरणेही त्यात घालते. ते घ्यावयाचेच तर पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळून घ्यावे. मग आपणच चार ओळी का लिहू नयेत, हा प्रश्न उरतोच.

धम्मविषयक ग्रंथांच्या बाबतीत हे काम अधिक जबाबदारीचे आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याचा सार 'भगवान बुद्धांचे जीवन व उपदेश' एवढाच लिहिला, तर इतर बुद्धचरित्रांहून हा ग्रंथ वेगळा का, हे कधी कळणार? ग्रंथाच्या आरंभीच बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहे काय? आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ कसा लावावयाचा? भिक्खूसंघ कशासाठी, व्यक्तीच्या पूर्णत्वासाठी की लोकांच्या सेवेसाठी? रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून राजपुत्रास वैराग्य आले ही रूढ कथा ते स्वीकारीत नाहीत. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ही दृश्ये कोणी पाहिलीच नसतील हे त्यांच्या बुद्धीस पटत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, शाक्यसंघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि त्यातून परिव्रज्या घेतली, असे ते लिहितात. पाण्याच्या तंट्यातून निघालेला हा बुद्ध, चवदार तळ्यावर गेलेल्या माणसाने आपल्यापुढे ठेवला आहे. ग्रंथ आठ भागांचा असून वाक्यांना क्रमांक आहेत, म्हणून विहारात रोज थोडा थोडा वाचण्यास सोयीचा आहे, एवढीही माहिती सारात असली तर खेड्यातल्या उपासकाचे किती काम होईल! मात्र परंपरागत पाली साहित्याशी हा ग्रंथ कोठे कोठे जुळत नाही, हेही त्याच सारात एका वाक्याने सांगावे. ते लपविल्याने ग्रंथाचे मोल वाढत नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाचा आपला सिद्धांत मांडताना स्वतः बाबासाहेबांनी तो अखेरचा शब्द असल्याचा दावा केलेला नाही. मग सार लिहिणाऱ्याने तो का करावा?

एक विनंती शब्दांविषयीही आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' सारख्या पुस्तकाखाली 'दलित स्त्रीची करुण कहाणी' असे लिहिलेले दिसते तेव्हा वाईट वाटते. करुण कहाणी वाचून हळहळणारा वाचक त्या पुस्तकास अपेक्षित नाही. महारवाड्यातील बायांचे खाणे, अंगात येणे, सासुरवास, घरच्या पुरुषाचा मार हे सारे त्या 'आम्ही' म्हणून सांगतात. बाबासाहेबांच्या हाकेनंतर तोच वाडा कसा उठला हे सांगतात. आणि शिकून वर गेलेल्यांनी मागे पाहिले नाही, हेही आपल्याच माणसांना सुनावतात. ज्या सारात ही शेवटची गोष्ट गाळली जाते तो सार कोणाच्या सोयीचा, हे आपण सुशिक्षितांनी स्वतःस विचारावे. हा प्रश्न आम्ही स्वतःसही लावून घेतो.

हक्कांविषयीच्या पुस्तिकांत तर साल न लिहिणे हा अपराधच समजावा. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध धम्म स्वीकारणारास केंद्राच्या सवलती नाकारल्या जात होत्या. १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. ह्या मधल्या काळात धर्मांतरितांचे हक्क, दाखले, खानेसुमारीतील नोंद यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यातील एखादी पुस्तिका आज एखाद्या मुलीच्या हाती लागली, तिच्याखाली साल नाही, कायदा पुढे बदलला ही टीप नाही, आणि ती वाचून तिने बौद्ध म्हणून नोंद करण्याचा विचार सोडला, तर त्याचा दोष कोणाकडे? पुस्तिका लिहिणाऱ्याकडे नाही. त्याने त्या दिवशीचा कायदा बरोबर लिहिला होता. 'हे १९९० च्या दुरुस्तीपूर्वीचे लेखन आहे' एवढे एक वाक्य तेथे हवे होते.

लिहावे कसे, याचे फार नियम नाहीत. प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि शेवटचे प्रकरण एवढे तरी वाचल्यावाचून लेखणी उचलू नये. पाच-सहा वाक्ये पुरेत. मलपृष्ठावरील मजकूर उतरवू नये. तो विकण्यासाठी लिहिलेला असतो आणि दुसऱ्याच्या मालकीचाही असतो. कादंबरीचा शेवट सांगू नये. कोष्टके, नकाशे, छायाचित्रे असल्यास सांगावे, म्हणजे ऐकून वाचणाऱ्यास त्याची कल्पना येईल. पाने गहाळ असतील तर तेही सांगावे. आणि 'महाड', 'चवदार तळे', 'वतन', 'धर्मांतर', 'वसतिगृह' असे जे शब्द लोक खरोखर शोधतात, ते विषयात असतील तर सारात आलेच पाहिजेत.

सर्वांत निकडीचे काम आहे ते बिनतारखेच्या पुस्तिकांचे. आपल्या चळवळीचा अर्धा इतिहास ह्या सोळा-बत्तीस पानी पुस्तिकांत आहे. छापखान्याचे नाव पुसट, साल नाही, लेखकाचे नुसते आडनाव. मेलेली जनावरे ओढण्याचे बंद केले म्हणून कोणत्या गावाने बहिष्कार सोसला, वतन कोणी सोडले, विहाराच्या जागेसाठी कोण कचेरीत खेटे घालीत राहिले, हे त्यांत आहे. आणि त्यातील माणसे ओळखणारे डोळे आता फार थोडे उरले आहेत. यंत्र उतरविणारा तरुण ती पाने नीट उतरवील, पण 'पाटलाच्या विहिरीचा तो प्रसंग' म्हणजे कोणत्या सालचा, हे त्यास कोण सांगणार?

म्हणून ज्यांच्या पेटीत, माळ्यावर, फडताळात अशी पुस्तिका असेल त्यांनी ती देताना सोबत एक कागद लिहून द्यावा: ही कोणी लिहिली, केव्हाची असावी, त्यातील प्रसंग आपण कोणाकडून ऐकला. आजोबांना लिहिता येत नसेल तर नातवाने विचारून लिहावे. आठवण आणि पुस्तिकेतील मजकूर यांची सरमिसळ करू नये. सारात पुस्तिकेतील तेवढेच यावे आणि आठवण खाली वेगळी द्यावी. त्या आठवणीखाली सांगणाऱ्याचे नाव व गाव घालावे; नाव नको असेल तर गाव तरी.